करंगळी

तिनं पुडी सोडली. आत दोन काळ्या फळ्या,
रबरी, मधोमध एका पेचाचं भोक.
"बंदूक घरी ठेवली जी.
तिची गालफडं तेवढी आणली."

मी म्हटलं, बाई, मी सुतार माणूस.
कुऱ्हाडीचे दांडे, नांगराची रुमणी, विळ्याच्या मुठी,
फार तर लग्नाचा पाट.
"मूठच पाहिजे," ती म्हणाली. "विळ्याचीच समजा."

नागभीडच्या रस्त्याला तिची धानाची गिरणी.
गहाणे गेले. तीन वर्षं कागद फिरले,
मग लायसन तिच्या नावावर आलं
अन् मूठ राहिली त्यांच्याच मापाची.
"उडवून पाहिली एकदा, पोलिसांच्या मैदानावर.
अंगठ्याच्या बेचक्यात चावली.
अन् करंगळी पाहा जी, खाली लटकते नुसती.
तिले धरायले काहीच नाही."

फळ्या उन्हाकडे धरल्या.
तळहात बसते तिथलं रबर कोरं करकरीत.
घासलं होतं ते बाहेरच्या अंगानं,
सदऱ्याखालून लोकायले दिसत राहावं असं
वीस वर्षं कमरेला.
हे मी बोललो नाही.
तिले माहीत असल.

शिसम देखणं, पण घामात निसटते.
सागवान पेचाजवळ चिरते.
तिवस घेतलं.
कुऱ्हाडीले आम्ही तिवसच लावतो:
घाव खोडावर बसते, झटका वाटेतच जिरते,
हातापर्यंत येत नाही.
एक तुकडा होता चुलीवरच्या आढ्याले,
सहा वर्षं धूर खाल्लेला.

पण माप कसं घ्यावं?
लोखंड तिच्या कपाटात, हात तिच्याजवळ,
माझ्याजवळ दोन गालफडं.
बोडीतली माती आणली, गोळा मळला,
म्हटलं, आवळा, जशी ती धरता तशी.

आवळला. सोडला.
मी पाहतच राहिलो.
करंगळीचा खड्डा सगळ्यात खोल,
अंगठा आडवा, मनगट आत वळलेलं.
बंदूक अशी कोणी धरत नाही.
अशी मूठ वाकलेल्या माणसाची, चिखलात उभ्या माणसाची,
डाव्या हातात पेंढी धरलेली.

"धान कापलं काय जी कधी?"

ती गोळ्याकडे पाहत होती.
"लग्नाआधी. चार हंगाम, रोजीनं.
गिरणीत कोणापाशी काढू नका."

मग घासणं. काचेच्या तुकड्यानं, कानसीनं,
मग नुसत्या शेवऱ्याच्या पानानं.
पहिल्या खेपेला म्हणाली, जाड.
दुसऱ्या खेपेला म्हणाली, बरं, पण अजून कोणाची तरी वाटते.
म्हटलं, जाळी कोरू काय, शहरातल्यासारखी?
"टोचते ते. साधीच ठेवा."
खाली बोटभर लाकूड वाढवून ठेवलंच होतं करंगळीसाठी,
आता तिथं जरासा खोलगा दिला.
जवसाचं तेल पाजलं तीनदा,
फडक्यानं पुसलं, सावलीत ठेवलं.

तिसऱ्या खेपेला बोललीच नाही.
दोन्ही फळ्या मुठीत धरून
मधात लोखंड नसताना
बसून राहिली बाकावर, चहा निवेस्तोवर.

दांडा बसवला की मी मारून पाहतो.
कुऱ्हाड ओंडक्यावर, विळा बांधावरच्या गवतावर.
दोन घाव, तेव्हा कळते खरं.
हे एकच काम असं
की न पाहता पैसे घेतले.
साडेचारशे.
ती पाचशे देत होती, मी पन्नास परत केले
अन् मग रातभर वाटलं, घ्यायचे होते.

निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा झाली.
हवालदार कोवे दुकानात आला,
म्हणे, गहाणेबाईच्या बंदुकीले विळ्याची मूठ कोणं लावली?
हसला. मग म्हणे,
माझ्या काठीलेही होईल काय तशी?

मातीचा गोळा अजून फळीवर आहे, भेगाळला.
ती गिरणीवर जाता-येता थांबते,
गाडी बंद न करता सांगते,
"करंगळी आता लटकत नाही जी."
मी मान हलवतो.
केव्हा पाहिलं, ते विचारत नाही.